टाकीचं कुलूप

भवानीपूर, कोलकाता
१६ एप्रिल

चि. चारुदत्त,

आशीर्वाद नेहमीचेच. ते वर लिहिले आहेत असं समज, कारण आज मी रागात आहे आणि आधी राग लिहिणार आहे.

फोनवर तुझ्याशी बोलणं मी सोडलं. नको ते ऐकू आलं की तुझी रेंज जाते. पुण्यात, स्वतःच्या घरात, सोफ्यावर बसून रेंज जाते! कागदाची जात नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण तुझी खरडपट्टी काढायला तेवढी पुरते. पाकिटावरचा इंग्रजी पत्ता तेवढा तुझ्या लेकीकडून लिहून घेतला. तिने लिहिला, कोणाला जातोय ते पाहिलं, आणि पेन माझ्यापुढे टाकून उठून गेली.

काल पोयला बैशाख झाला, इथलं नवं वर्ष लागलं. चैत्रात थांबलेली लग्नं आता सुरू होतील, म्हणजे आपली भाड्याची भांडी बाहेर पडायला लागली. सियालदहच्या बाजूला एका लग्नघरी मोठी पातेली, कढया, झारे पोचवायचे होते. मालाच्या गाड्यांना दुपारीच सोडतात, त्यामुळे ऐन उन्हात निघालो. देवयानी चालवायला आणि मी शेजारी. मी का, ते पुढे येतंच आहे. स्टेशनच्या अलीकडे पिकअपने आधी खोकल्यासारखं केलं, मग दोन झटके दिले, मग गप्प. मागे बस, बसमागे आणखी एक बस, आणि दोन्ही कंडक्टर पत्रा बडवत तुझ्या लेकीच्या नावाने ओरडताहेत. अर्धा तास त्या उन्हात उभे होतो. मग किल्ली फिरवली तर लगेच चालू! जशी काही मघाशी दुसऱ्याच कुणाची गाडी बंद पडली होती.

महिनाभर हेच चाललंय. जवळपास गेली तर शहाण्यासारखी वागते. लांब गेली, तापली, की बंद. निवली की चालू. आणि तू विनीताकरवी निरोप काय पाठवतोस? ‘गाडी बंद पडत नाही, देवयानी पाडते. डिझेल काढून विकते आणि टाकी कोरडी झाली की तापली म्हणून सांगते. गाडी काढून टाका.’

सुनेच्या तोंडून हे ऐकताना मला वाटलं, विनीता कुणा दुसऱ्याच्या मुलीबद्दल बोलते आहे. तुझीच ना ती? तुझी बँकेने पुण्याला बदली केली तेव्हा ती इथे राहिली, कॉलेज संपल्यावरही इथेच राहिली, आपला जुना ड्रायव्हर सोडून गेला तेव्हा लायसन काढून स्वतः गाडीवर बसली. बँकेतल्या साहेबाची मुलगी भांड्यांचा पिकअप चालवते, हे तुझ्या घशाखाली उतरत नाही, ते मला ठाऊक आहे. पण त्यासाठी तिला चोर करायचं?

शिमग्याला आलास, चार दिवस बसून माझ्या हातच्या पोळ्या खाल्ल्यास, आणि जाता जाता टाकीला कुलूप ठोकलंस. बाजारातून नवं झाकण आणलंस, झाकणातच कुलूप. वर मला काय सांगितलंस, “आई, किल्ली तू ठेव. देवयानीच्या हातात देऊ नकोस. मी माझ्या कानांनी ऐकलंय.” काय ऐकलंस ते सांगितलं नाहीस. तिच्यासमोर स्क्रू पिळलेस. ती बघत होती. तुझी टॅक्सी वळेपर्यंत बघत राहिली.

त्या दिवसापासून डिझेल भरायचं म्हणजे मला जावं लागतं. या गुडघ्यांनिशी त्या उंच सीटवर चढायचं, पंपावर उतरायचं, कमरेची किल्ली काढायची आणि झाकण उघडायचं. पंपावरची पोरं मला लांबूनच पाहून ओरडतात, “चाबी-दीदा एशे गेछेन!” किल्लीवाली आजी आली म्हणे, आणि सगळा पंप हसतो. आणि ती टाकीसुद्धा कमी नाही. झाकण सैल केलं की ‘स्सूऽऽ’ करून माझ्यावर फिसकारते. तुझंच झाकण ते, गुण तुझेच.

कागद तुझ्या नावावर आहेत कारण तुझ्या बाबांना तुझं कौतुक होतं. नाव लिहिताना त्यांना वाटलं नसेल की एक दिवस तू त्याच कागदांवर गाडी भंगारात घालायला निघशील.

काय ऐकलंस ते लिही. विनीताकरवी नको. तुझ्या हाताने.

आई


२४ एप्रिल

चारू,

आज ‘चिरंजीव’ लिहायला हात गेला नाही.

मी विचारलेल्याचं उत्तर नाही, आणि वर निरोप, ‘गिऱ्हाईक मिळालंय, बारा तारखेला गाडी बघायला येईल, त्याला चहा दे.’ चहा? मी त्याला पाणीसुद्धा विचारणार नाही.

इकडे काय काय केलं ते ऐक, म्हणजे तुझी लेक नाटक करते असं पुन्हा म्हणणार नाहीस. निमाईदाच्या गॅरेजात तीनदा गाडी उभी राहिली. निमाईदा तुझ्या बाबांच्या वेळचा मिस्त्री, त्याला ही गाडी नवी असल्यापासून ठाऊक. पहिल्यांदा त्याने रेडिएटर धुतला. दुसऱ्यांदा डिझेलचा फिल्टर बदलला. तिसऱ्यांदा इंजिनाजवळचे सगळे पाइप हात लावून पाहिले आणि म्हणाला, “दीदा, बोयेश होयेछे.” वय झालंय म्हणे. मी म्हटलं, वय माझंही झालंय, मी काय सियालदहला रस्त्यात आडवी होते का?

मग मीच उपाय काढला. तापते ना? मग गार ठेवा. गोणपाट भिजवून बॉनेटवर बांधायला लावलं. दिवसभर गाडी आजारी माणसासारखी कपाळावर पट्टी घेऊन भवानीपुरात हिंडली. तरी हावड्याला जाताना बंद पडलीच. गोणपाट पुरेसं ओलं नव्हतं, असं माझं अजून मत आहे.

देवयानीचं मत वेगळं. तिचं मराठी तुला माहीत आहे, बंगालीत बाई-बुवा एकच, त्यामुळे तिच्या तोंडी गाडीसुद्धा कधी बुवा होते. म्हणाली, “आजी, काटा बघ. गाडी बंद झाला तेव्हा काटा मधेच होता. लाल नाही. हा तापून बंद होत नाही.”

“मग?”

“चालून बंद होतो. आणि टाकी फुल असली की लवकर बंद होतो. रिकामी असली की उशिरा.”

मी म्हटलं, असं कुठे असतं? पोट भरलं की चालायचं थांबायचं? ती म्हणाली, “तू नाही थांबत का?” चावट आहे. पण खरं सांगते, गेल्या महिन्यात ती एवढं एकच हसून बोलली.

माझ्याबरोबर जेवत नाही. ताट झाकून ठेवायला सांगते आणि नंतर स्वयंपाकघरात उभ्याने जेवते. काल तिच्या खोलीत झाडू मारताना पलंगाखाली बॅग दिसली, निम्मी भरलेली. विचारलं. म्हणाली, आसनसोलला एक ट्रान्सपोर्टवाला आहे, गाड्यांवर मुली ठेवतो, राहायला खोली देतो. गाडी विकली की ती तिकडे जाणार.

“बापाकडे नाही जायचं?” मी विचारलं.

“चोराला घरात कशाला घेतील?”

आता नीट वाच. तुला वाटतं आहे, गाडी गेली की पोरगी निमूट पुण्याला येईल. म्हणून ही घाई. गाडी गेली तर ती तुझ्याकडे येणार नाही आणि माझ्याकडेही राहणार नाही. मला काय, मी एकटी राहीन. भांडी एखाद्या ठेलावाल्याकडून पोचवीन. बिलं कोण वाचून दाखवणार ते बघता येईल. मी तिची चादर धुऊन ठेवली आहे, ती धुवायला झालीच होती म्हणून.

तुझ्या कानांनी काय ऐकलं ते लिही. तिसऱ्यांदा विचारणार नाही.

आई


३ मे

चारुदत्त,

तुझं पत्र काल आलं. अक्षर अजून चांगलं आहे. अक्कल कुठे ठेवलीस?

तू लिहितोस, शिमग्याच्या आदल्या सकाळी गच्चीच्या जिन्यात उभा होतास, खाली देवयानी फोनवर बोलत होती आणि तू स्पष्ट ऐकलंस: “गाडीर तेलटा बेर कोरे दिये दियेछि. आजीके बोलार दोरकार नेई.” गाडीचं तेल काढून देऊन टाकलं, आजीला सांगायची गरज नाही. एवढं ऐकलंस आणि शहाणा माणूस खाली येऊन विचारायचं सोडून बाजारात कुलूप आणायला गेलास.

अरे, ते मोहरीचं तेल होतं! खाण्याचं!

त्या आठवड्यात टालीगंजला घोषालबाबूंचं लग्नाचं जेवण होतं. भांडी आपली, आचारी त्यांचे. भांडी परत आणताना आचाऱ्याने अर्धा भरलेला तेलाचा डबा पातेल्यांत लोटून दिला. तो आडवा झाला आणि माझ्या नव्या ताडपत्रीवर सांडला. आठवडाभर गाडीत मोहरीचा वास मारत होता, तुला आठवत नाही? विमानतळावरून येताना नाकाला रुमाल लावून बसला होतास! मी त्या वासावरून देवयानीला रोज विचारत होते, ती म्हणायची, “कुठला वास?” उरलेला डबा तिने घोषालबाबूंकडे परत पाठवला आणि मला सांगू नका म्हणाली, कारण ताडपत्रीसाठी मी ओरडले असते. ओरडलेच असते. नवी होती.

तुझं पत्र वाचलं आणि तो वास आठवला, म्हणून काल घोषालबाबूंना मी स्वतः विचारलं. ते बिचारे म्हणाले, डबा मिळाला, हो, मोहरीचाच. आणि विचारू लागले की काकीमा, दोन महिन्यांनी तेल परत मागताय का? मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तुझ्यामुळे मी लोकांच्या दारात तेलाची चौकशी करत हिंडते आहे.

आपल्या घरात मराठीत डिझेलला डिझेल म्हणतात. बंगालीत गाडीत घालायचं तेही तेल आणि कढईत घालायचं तेही तेल. पंपावरही ‘तेल’, वाण्याकडेही ‘तेल’. तू याच शहरात जन्मलास, याच गल्लीत मार खाल्लास, तुझं बंगाली माझ्यापेक्षा चांगलं. दोन्ही अर्थ तुला ठाऊक होते. त्यातला चोरीचा तेवढा उचललास. का उचललास, तेही मी सांगते. तुला पोरगी परत हवी आहे. सरळ ‘ये’ म्हणायला तोंड होत नाही, म्हणून इथलं तिचं नाव खराब केलंस. मग गाडी गेली, नाव गेलं, की येईलच.

हे सगळं मी देवयानीला सांगितलं. मला वाटलं सुटकेचा श्वास टाकेल. ती उलट जास्तच पेटली.

“म्हणजे बाबांनी विचारलाच नाही? नुसता ऐकला आणि कुलूप आणला?”

“हो.”

“मग मी सांगणार नाही. त्यांनी विचारायचं. माझ्या फोनवर.”

बरोबर बोलली. तुझ्या फोनमध्ये तिचा नंबर आहे. रेंज येईल तेव्हा लाव.

आई


१० मे

चारुदत्त,

तू फोन केला नाहीस. विनीताच्या फोनवरून एक अंगठा पाठवलास. देवयानीने मला दाखवला, पिवळा अंगठा. याचा अर्थ काय, मी विचारलं. ती म्हणाली, याचा अर्थ ‘वाचलं’. मी मुलाला पत्रात काळीज सोलून लिहिते आणि मुलगा मला अंगठा दाखवतो. खाली एक ओळ: ‘तेलाचं असेल, पण गाडी तरी कुठे धड आहे? बारा तारखेला येतोय तो. तू मधे पडू नकोस.’

मी मधे पडले आहे. आता काल काय झालं ते बसून वाच.

काल हावड्याला माल होता. सकाळी पंपावर टाकी भरली, पूर्ण. कुलूप मीच लावलं, तुझ्या हुकुमाप्रमाणे, कडक. गंगेवरच्या दुसऱ्या पुलाचा चढ लागला आणि व्हायचं ते झालं. खोकला, झटके, गप्प. पुलाच्या मधोमध, खाली गंगा, वर ऊन. मागे भोंगे. एक सार्जंट मोटारसायकलवरून आला, पांढरा युनिफॉर्म, काळा चष्मा, आमच्याकडे पाहून हसला आणि देवयानीला म्हणाला, “तेल शेष तो? ताई बोलुन!”

तेल संपलं असेल, तसं सांगा ना!

चारू, मी उतरले. कशी उतरले मला माहीत नाही, एरवी मला दोन माणसं लागतात. पुन्हा तेल! महिनाभर मी तेल तेल ऐकते आहे. मी त्याला म्हटलं, “तेल शेष? एशो, देखो!” आणि कमरेची किल्ली काढून भर पुलावर टाकीचं कुलूप उघडलं. काठोकाठ भरलेली टाकी त्याच्या नाकाखाली दाखवायची होती मला. झाकण सैल केलं तशी ती पुन्हा ‘स्सूऽऽ’ करून ओरडली. आणि माझ्या पदराचं टोक त्या फटीत ओढलं गेलं.

बाहेर नाही. आत.

मी पदर सोडवला. सार्जंटने वाकून बघितलं, डिझेल दिसलं, तो खजील झाला. मी त्याला आणखी दोन शब्द ऐकवणार एवढ्यात देवयानीने उगाच किल्ली फिरवून पाहिली, आणि गाडी चालू! अर्धा तास नाही, दोन मिनिटंसुद्धा थांबलो नव्हतो. बॉनेटवर पोळी भाजली असती एवढं ते तापलेलं, तरी चालू.

देवयानी खिडकीतून डोकं काढून माझ्याकडे बघत बसली. “आजी, तू आत्ता काय केला?”

“काही नाही केलं. झाकण उघडलं.”

“परत लाव. कडक लाव.”

लावलं. पूल ओलांडून टोलच्या पुढे बऱ्यापैकी लांब गेलो, तर पुन्हा खोकायला लागली. तिने बाजूला घेतली, मी उतरून झाकण सैल केलं, स्सूऽऽ, खोकला बंद. तेव्हा ती स्टिअरिंगवर थापा मारून ओरडली, “डबा! आजी, तेलाचा डबा! तू डब्याला दोन भोक का पाडतेस?”

मी म्हटलं, एकाने तेल येत नाही म्हणून. एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. एकच भोक पाडलं तर गटगट करून अडतं.

“मग टाकीला दुसरा भोक कुठे आहे?”

घरी आल्यावर गाडी निमाईदाकडे नेली. तिने सीटखालून जुनं झाकण काढलं, तू काढून फेकलेलं, तिने ठेवलेलं. त्याला आतल्या बाजूने टाचणीएवढं छिद्र आहे. तुझ्या कुलपाला नाही. कुठून आणलंस कोण जाणे, चोख बंद. इंजिन डिझेल ओढतं, टाकीत त्या जागी हवा यायला वाट नाही, ओढून ओढून टाकी आतून आवळते आणि शेवटी डिझेलचा थेंब सोडत नाही. आपण अर्धा तास थांबतो, कुठून तरी फटीतून थोडी हवा शिरते, की पुन्हा चालू. आपल्याला वाटायचं निवली म्हणून चालू झाली. आणि टाकी भरलेली असली की आत हवाच थोडी, म्हणून लवकर आवळायची. पोरगी पहिल्यापासून बरोबर सांगत होती. मी गोणपाट भिजवत बसले, ते सोड.

निमाईदाने दोन्ही झाकणं उजेडात धरून पाहिली, कपाळाला हात लावला, आणि म्हणाला की हेच तो आधीपासून म्हणणार होता. मी म्हटलं, हो ना, वय झालंय, विसरला असशील.

शिमग्याच्या आधी ही गाडी एकदाही बंद पडलेली नाही. आठवून बघ. तू कुलूप लावलंस आणि बंद पडायला लागली. तुझ्या लेकीने गाडी पाडली नाही, तू पाडलीस. ती बंद पडली म्हणून तू तिला चोर म्हणालास, आणि चोर म्हणालास म्हणून कुलूप तसंच राहिलं. मी लिहिताना हसते आहे, पण हसण्यासारखं वाटत नाही.

जुनं झाकण परत लावलं. तुझं कुलूप या पत्राबरोबर कुरियरच्या पार्सलने पाठवते आहे, फडक्यात गुंडाळून; एका दिवसात पोचवतात म्हणे. डिझेलचा वास येईल. नाकाला रुमाल लाव. किल्ली पाठवत नाही.

परवा तुझं गिऱ्हाईक येईल. मी गाडी दाखवीन. पण कागदावर सही तुझी लागते. ती करायच्या आधी एक फोन कर, माझ्या नाही, तिच्या नंबरावर. बॅग पलंगाखालून आता दारामागे आली आहे.

आई


१३ मे

चि. चारुदत्त,

बघ, आज चिरंजीव लिहिलं.

काल तुझं गिऱ्हाईक आलं. गाडीभोवती दोनदा फिरलं, टायरला लाथ मारली, माझ्या ओट्यावर बसलं. मी पाणी दिलं. चहा दिला नाही. तेवढ्यात त्याला तुझा फोन आला आणि तो “जी सर, जी सर” करत उठला, म्हणाला, साहेबांचा विचार बदलला, आणि माझ्याकडे असं पाहून गेला जसं काही मीच त्याची गाडी पळवली. देवयानी तेव्हा घरात होती. तिला मी काही सांगितलं नाही. गिऱ्हाईकाला नाही म्हणणं सोपं आहे. तिला फोन करणं ते काम होतं.

कालच दुपारी आम्ही हावड्याहून येत होतो. टाकी भरलेली, ऊन त्या दिवसापेक्षा कडक, पूल चढलो, उतरलो, काही नाही. हेस्टिंग्जजवळ तिचा फोन वाजला. गाडी चालवताना ती फोन घेत नाही, हे तुला माहीत नसेल, तर माहीत करून घे. तिने बाजूला घेतली, नाव बघितलं, आणि माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

ती उतरून झाडाखाली गेली. इंजिन चालूच राहिलं. मला बंद करता येत नाही, आणि आलं असतं तरी केलं नसतं.

काय बोललात ते मी विचारलं नाही. वाऱ्यावर आलं तेवढं ऐकलं. बराच वेळ ती नुसती “हूं” करत होती. मग म्हणाली, “नाही, बाबा. आधी विचारायचं. आधी.” मग पुन्हा हूं. मग एकदा ओरडली, “मोहरीचा! मोहरीचा तेल, बाबा!” तू तिकडे ‘मोहरीचं’ म्हणून तिची चूक सुधारलीस, हो ना? कारण ती हसली. मग नाक शिंकरलं. सर्दी असेल. या दिवसांत होते.

तेवढा सगळा वेळ मी त्या तापलेल्या गाडीत बसून होते. इंजिन घुरघुरत होतं, फुकट डिझेल जळत होतं. मी ते मोजलं नाही. गाडी बंद पडली नाही.

रात्री ती माझ्याबरोबर जेवली. बॅग अजून दारामागे आहे, पण मोकळी आहे, मी उचलून पाहिली.

पार्सल मिळाल्यावर विनीताला म्हणालास म्हणे, ‘कुलूप पाठवलंय, आणि किल्ली विसरली आई.’ मी विसरत नाही. किल्ली इथे दाराजवळच्या खुंटीवर आहे. नेण्यासाठी यावं लागेल. पंपावर जायला आता मला लागत नाही, पण ती पोरं विचारतात, चाबी-दीदा कुठे गेली? येशील तेव्हा तुला घेऊन जाते, तुझीही ओळख करून देते.

येताना जरा जास्त दिवस काढून ये. आणि जिन्यात उभा राहून ऐकू नकोस. खाली येऊन बस.

आई